घड्याळाची जागा

श्रीधरपंत बायकोला मारण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून आरशाखालच्या फळीवर ठेवत. बदलीच्या वेळी बँकेतल्या मित्रांनी दिलेलं भारीपैकी घड्याळ, अनसूयाबाईंच्या जबड्यावर आपटून त्याची काच फुटावी अशी त्यांची इच्छा नसे. पट्टा सोडायचा, घड्याळ ठेवायचं, बाही वर सारायची आणि मग हात उचलायचा, असा सगळा शिस्तीचा कारभार. साताऱ्याहून नोकरीसाठी उज्जैनला आलेला हा माणूस फ्रीगंजच्या शाखेत अगदी मवाळ म्हणून ओळखला जाई. म्हाताऱ्या ग्राहकाला स्वतः उठून पाणी आणून देई. घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी भांडी उडत, अनसूयाबाईंचे केस धरून डोकं ओट्यावर आदळलं जाई, आणि शेजारचे लोक रेडिओचा आवाज वाढवत.

त्यांची एकुलती एक मुलगी अपर्णा. बाबा घरात आले की ती चेहऱ्याकडे बघत नसे, कारण चेहऱ्याचा काही भरवसा नव्हता. हसत आलेला माणूसही पुढच्या क्षणी लाथ घाली. ती मनगटाकडे बघे. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाशी गेली की ही पलंगाखाली. एकदा तिनं डोकं चालवलं आणि फळीवरचं घड्याळ उचलून पाण्याच्या पिंपात टाकलं. घड्याळ नाही तर मार नाही, असा तिचा पोरवयातला हिशोब. त्या दिवशी तिचं गळ्याखालचं हाड मोडलं. पोरगी जिन्यावरून पडली असं डॉक्टरांना सांगण्यात आलं, आणि डॉक्टरांनी मान डोलावली. श्रीधरपंत लघाट्यांचं बिऱ्हाड तळमजल्यावर होतं आणि त्या घराला जिना नव्हता.

अशा मुलीनं मोठेपणी लग्नांचे फोटो काढायचा धंदा पत्करला याचं लोकांना भारी नवल वाटे. स्वतः बोहल्यावर चढली नाही आणि दुसऱ्यांच्या बोहल्याभोवती केस पिकवले. टावर चौकामागच्या गल्लीत, त्याच जुन्या घराच्या पुढच्या भागात तिचा स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत ती आणि आई. श्रीधरपंत अंथरुणाला खिळले, मग कधीतरी गेले. अपर्णानं त्यांचं सगळं केलं, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि त्याबद्दल नातेवाइकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं.

उज्जैनचे बाकीचे फोटोग्राफर म्हणजे नुसता हैदोस. ड्रोन उडवतील, धूर सोडतील, नवरीला शिप्रेच्या घाटावर पळायला लावतील, आणि वर "भाभीजी, थोडा स्माइल". अपर्णाचा खाक्या वेगळा. कोणाला 'इकडे बघा' म्हणायचं नाही, काही मांडून घ्यायचं नाही, आणि जे चाललंय त्याच्या मध्ये पडायचं नाही. तिच्या अल्बममध्ये हात असायचे, पाय असायचे, दाराबाहेरचा चपलांचा ढीग असायचा, पर्समध्ये गुपचूप लाडू सरकवणारी आत्या असायची. लोक करवादत. "ताई, जावयापेक्षा चपलाच जास्त आहेत यात." ती म्हणे, "जावई रोज दिसेल. चपला नाही दिसणार."

मग वर्षं जात आणि कोणीतरी रडत फोन करी. दत्तात्रय म्हणून एक पोस्टमास्तर होते. मुलीच्या लग्नात सगळी वरात नाचत असताना हे हॉलच्या मागे बसून बुटाचा सुटलेला तळ सुतळीनं बांधत होते, दिसू नये म्हणून गाठ आतल्या बाजूला घेत. अपर्णानं तेवढंच टिपलं. फोटो बघून तेव्हा मुलगी फुरंगटली होती. वडील गेल्यावर तिला सगळ्या लग्नातला तो एकच फोटो मोठा करून हवा होता.

मंगलकार्य म्हणतात खरं, पण हाणामारीला लग्नासारखी दुसरी जागा नाही. मानपानावरून खुर्च्या फिरतात. भैरवगढच्या एका लग्नात डीजेवर कुठलं गाणं लावायचं यावरून आचाऱ्याचा झारा एकाच्या टाळूत बसला, आणि आहेरात आलेल्या छापील चादरीनंच रक्त पुसावं लागलं. शेजारी एक गृहस्थ शांतपणे जिलेबी खात होते. अपर्णानं त्यांचाही फोटो काढला. एका वरातीत दारू पिऊन अंगावर आलेल्या पाहुण्याच्या गुडघ्यावर तिनं कॅमेऱ्याचं तिकाटणं असं हाणलं होतं की तो आडवाच झाला. स्वतःच्या अंगावर कोणी आला तर ती सोडत नसे. दुसऱ्यांच्या भांडणात मात्र ती भिंतीला पाठ लावून उभी राही आणि बटण दाबे. कामाचा नियम म्हणजे नियम.

हा नियम दफ्तरदारांच्या इशिताच्या लग्नात मोडला.

भय्यासाहेब दफ्तरदारांचे पूर्वज दरबारात कागदपत्रं सांभाळायला होते, आणि ते सांगितल्याशिवाय भय्यासाहेबांना चहा उतरत नसे. मुलगी इशिता कॉलेजात शिकवणारी, मुलगा अनय तिच्यापेक्षा लहान, दंगेखोर. नवरदेव चिन्मय इंदूरच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. दिसायला राजबिंडा, बोलायला लोणी. त्याचे वडील रमेश रेल्वेत होते, ते काही वर्षांपूर्वी वारले. घरात आई वासंतीबाई, बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या, कायम मुलाच्या दोन पावलं मागे.

हल्ली दोघांची हळद एकत्रच करतात. फ्रीगंजमधल्या हॉलवर झेंडूच्या माळा, पिवळे कपडे, गाणी. खेळता खेळता इशितानं हळदीच्या पाण्याचं अख्खं घमेलं चिन्मयच्या डोक्यावर उपडं केलं. सगळे खिदळले. चिन्मयही हसला. हसता हसता त्याची बोटं मनगटाशी गेली.

अपर्णा पन्नाशीला टेकलेली बाई, पण क्षणभर ती पुन्हा पलंगाखाली होती. बोटांनी सवयीनं बटण दाबलं. चिन्मयनं पट्टा सोडला, मागे न बघता हात लांबवला, आणि वासंतीबाईंचा तळवा तिथं आधीच आलेला होता. त्याही मागे वळून कोणाशी तरी बोलत होत्या. डोळ्यांना ठाऊक नसताना हात पुढे झाला होता. घड्याळ तळव्यात पडलं. "चल, धुवून येऊ," म्हणत चिन्मयनं इशिताचं मनगट धरलं आणि तिला शेजारच्या खोलीत नेलं. ओढतच, पण नाचाच्या ठेक्यात.

दोघं परत आली तेव्हा चिन्मयचं तोंड स्वच्छ धुतलेलं होतं. इशिताच्या डाव्या गालावर मात्र हळदीचा ताजा, जाड थर होता, कानापर्यंत. ती हसत होती आणि चिन्मयनं केस सारखे करायला हात उचलला तेव्हा तिचा खांदा कानाशी गेला.

अपर्णा तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "गाल दुखतोय का गं?"

"नाही काकू. हळद झोंबून राहिली आहे."

"हळद झोंबत नाही, बेटा."

इशितानं तिच्याकडे पाहिलं. मग कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

संध्याकाळी स्टुडिओत बसून अपर्णानं ते फोटो ओळीनं लावले. घड्याळ. तळवा. दार. पिवळा गाल. यातल्या कशातही मार नव्हता. एकही फोटो दाखवून कोणाला काही पटवता आलं नसतं, आणि याच गोष्टीचा तिला संताप आला. तेवढ्यात अनसूयाबाई चहा घेऊन आल्या आणि पडद्यासमोर थबकल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्या वासंतीबाईंच्या तळव्याकडे बघत राहिल्या.

"मी फळी पुसून ठेवायची," त्या म्हणाल्या. "यांचा आवाज चढला की आधी ओला ग्लास, कंगवा सगळं उचलायची. घड्याळाला पाणी लागलं तर अजून चिडायचे. म्हणजे बघ, मीच जागा करून द्यायची."

चहा ठेवून त्या आत गेल्या. अपर्णा चहा तसाच टाकून, दोन फोटो छापून घेऊन, दफ्तरदारांकडे गेली.

भय्यासाहेबांनी फोटो चष्म्याखाली धरले, उलटे केले, परत सुलटे केले. "अपर्णाताई, यात आहे काय? घड्याळ आहे, हात आहे."

"इशिताला विचारा. गाल धुवून बघा तिचा."

"मस्ती चालली होती हो मुलांची. तुम्ही बारीकसारीक बघत बसता आणि फालतूमध्ये टेन्शन घेता." मग आवाज खाली आणून, "हॉल भरलेला आहे, अर्ध्या मध्यप्रदेशातून माणसं आली आहेत. उद्या सकाळी लग्न आहे. तुमच्या घरी जे झालं ते सगळ्यांच्या घरी होतं, असं नसतं."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. फ्रीगंजमध्ये सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्या वेळी एकानंही दार ठोठावलं नव्हतं. अपर्णाच्या तोंडात शिवी आली होती. आतल्या दारापाशी इशिता उभी होती, गाल अजून पिवळाच. तिनं मान नकारार्थी हलवली. नको म्हणत होती, की हे खरं नाही म्हणत होती, कळलं नाही. अपर्णा पायऱ्या उतरली.

सकाळी हॉलवर पोह्यांच्या ताटल्या फिरत असताना तिनं वासंतीबाईंना वरपक्षाच्या खोलीत एकटं गाठलं. तळव्याचा फोटो पुढे केला. वासंतीबाईंना आधी ओळख पटली नाही.

"हा माझा हात?"

"हो. तुम्ही बघतसुद्धा नव्हता."

त्यांनी फोटो जवळ नेला. अंगठ्याच्या मुळाशी जुनी भाजल्याची खूण होती. ती त्यांनी बोटानं चाचपली, फोटोतली नाही, स्वतःची. "यांचंही मीच घ्यायची," त्या पुटपुटल्या. "हा इवलासा असल्यापासून बघायचा."

"तुमचा हात तिथं नसता तर?"

वासंतीबाईंनी मान वर केली आणि ताडकन अपर्णाच्या थोबाडीत दिली. त्या काडीएवढ्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नसतं. "माझ्या घराला आग लावायला आलीस? चालती हो इथून." फोटोचे तुकडे करून त्यांनी पंख्याखाली भिरकावले. अपर्णा गाल धरून बाहेर आली. तिला राग आला नाही, फार थकल्यासारखं वाटलं. आपल्याला जमणारं सगळं करून झालं, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवला.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मंगळसूत्र गळ्यात गेलं. होम पेटला. इशिताच्या ओंजळीत लाह्या घालायला अनय आला, आणि मग त्याची हौसेची वेळ आली: कानपिळीची. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम भरायचा आणि भेट घेतल्याशिवाय सोडायचं नाही. अनयनं कान धरला तो जोरातच. "बोला जीजाजी, ताईला रडवणार?" मागून त्याचे मित्र ओरडले, "और जोर से, और जोर से." त्यानं अजून पीळ दिला. कान लाल झाला. सगळा हॉल हसत होता, भय्यासाहेब डोळे पुसत हसत होते. चिन्मयही हसत होता.

त्याची नजर अनयवर नव्हती. ती इशितावर होती. आणि उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटाशी गेली.

अपर्णानं कॅमेरा डोळ्याला लावला. त्या चौकटीत तिला दिसलं: इशिताच्या ओंजळीतल्या लाह्या बोटांमधून सांडायला लागल्या. पट्टा सुटला. हात मागे लांबला. वासंतीबाईंचा हात पदराखालून निघाला, अर्ध्यावर आला, थांबला आणि पदरात परत गेला.

घड्याळ बोहल्याच्या कडेवर पडलं आणि फुटलं.

चिन्मयनं वळून खाली बघितलं, मग आईकडे. "हात कुठंय तुझा?" त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं. आणि तिला मारलं. उघड्या हातानं, खांद्यातून जोर काढून, तोंडावर. चष्मा उडून समिधांवर पडला. वासंतीबाई बसल्या जागी कलंडल्या, ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त पैठणीवर आलं. आणि लोक अजून हसतच होते. कानपिळीतलीच काही गंमत असेल असं मागच्या रांगांना वाटलं. कोणी टाळ्याही वाजवल्या. सनईची टेप चालू होती. चिन्मयनं वाकून आईचा अंबाडा मुठीत धरला आणि दुसऱ्यांदा हात उचलला, तेव्हा कुठं टाळ्या थांबल्या.

तोवर अपर्णा मध्ये आली होती. दुसरा फटका तिच्या कॅमेऱ्यावर बसला, लेन्सची कडा तिच्याच भुवईत घुसली आणि एक डोळा रक्तानं भरला. पुढचं तिनं ठरवून केलं नाही. गळ्यातला पट्टा काढून मुठीला गुंडाळला आणि तो सगळा जड ऐवज गरकन फिरवून चिन्मयच्या तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज तिला ऐकू आला आणि मनापासून बरं वाटलं. तो गुडघ्यांवर आला. अनयला आता कळलं होतं. त्यानं झेप घेतली आणि दोघं होमाच्या विटांवर कोसळले. निखारे सतरंजीवर सांडले. चिन्मयचे मित्र धावले, अनयचे धावले, खुर्च्या उठल्या, कोणाचं तरी मनगट कडकन मोडलं, बायका पोरांना कवटाळून भिंतीकडे पळाल्या. गुरुजी तांब्यानं निखाऱ्यांवर पाणी मारत ओरडत होते. अनय थांबायला तयार नव्हता. मघाशी ज्याला जीजाजी म्हणत होता त्याचं डोकं धरून तो फरशीवर आदळत होता, आणि चौघांनी ओढल्यावरच तो सुटला.

इशिता जागची हलली नव्हती. तिनं ओंजळीत उरलेल्या लाह्या खाली ठेवल्या. पदराचं टोक पाण्यात बुडवून डावा गाल घासला, मेकअप आणि त्याखालची हळद निघेपर्यंत घासला. कानापासून जबड्यापर्यंत चार बोटं काळीनिळी उमटलेली होती. ती भय्यासाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, काल हळद झोंबत नव्हती."

भय्यासाहेब मुलीच्या गालाला हात लावायला गेले आणि तिचा खांदा कानाशी गेला. वडिलांचा हात होता, तरी गेला. ते बघून त्यांना रडू फुटलं. गुरुजी धापा टाकत म्हणाले, "सप्तपदी झालेली नाही. लग्न पूर्ण झालेलं नाही, साहेब." इशितानं मंगळसूत्र काढून पाटावर ठेवलं.

पोलीस आले, चिन्मयला घेऊन गेले. जाताना तो तुटक्या दातांतून आईला म्हणत होता, "घरी ये, मग बघतो." वासंतीबाई जमिनीवर बसून घड्याळाच्या काचा गोळा करत होत्या. सवयच ती. अपर्णानं त्यांच्या दंडाला धरलं तेव्हा त्यांनी काचा तिथंच सांडल्या आणि उभ्या राहिल्या.

"सकाळी मारलं मी तुला," त्या म्हणाल्या.

"हो."

"घरची चावी त्याच्याकडे आहे."

"माझ्याकडे चला."

भुवईला टाके घालून दोघी रिक्षातून टावर चौकात आल्या तेव्हा भर दुपार होती. कॅमेऱ्याचा चुराडा पिशवीत होता. आतलं कार्ड शाबूत होतं. पोलिसांनी ते उद्या मागितलं होतं, आणि पदरात परत गेलेल्या हाताचा फोटो त्यात होता की नव्हता हे अपर्णाला आठवत नव्हतं. बटण दाबलं होतं की नुसतंच बघत राहिली होती, कोण जाणे.

अनसूयाबाईंनी दार उघडलं, मुलीची भुवई पाहिली, मागे उभ्या असलेल्या बाईचा ओठ पाहिला. पाणी दिलं, स्वच्छ पंचा दिला. वासंतीबाईंनी तोंड धुवायला चष्मा काढला. एक काच तडकलेली, एक दांडी वाकलेली. तो हातात धरून त्या परक्या घरात इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या, कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना.

अनसूयाबाईंनी आरशाखालच्या फळीकडे बोट केलं. श्रीधरपंत जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिथं कधी कोणी काही ठेवलं नव्हतं.

"इथं ठेवा," त्या म्हणाल्या. "जागा मोकळीच आहे."

वासंतीबाईंनी चष्मा फळीवर ठेवला आणि तोंड धुवायला मोरीत गेल्या.